अर्धवट सोडलेला पेशा, पुरती जगलेली चित्रकथा

जपानी चित्रकथांना नवे रूप देणारे ओसामु तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. कीटक गोळा करणे आणि चित्रे काढणे हे त्यांचे बालपणापासूनचे छंद. १९४५ मध्ये युद्धकाळातील सक्तीचे काम करीत असताना ओसाकावरील बॉम्बहल्ल्यातून ते थोडक्यात बचावले. त्या दिवशी पाहिलेला संहार ते कधीच विसरले नाहीत. जीवाचे मोल हाच पुढे त्यांच्या कथांचा गाभा ठरला.

त्याच वर्षी त्यांचे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले आणि १९४६ च्या प्रारंभी मुलांच्या वृत्तपत्रात पहिली चित्रमालिकाही. दिवसा व्याख्याने, रात्री रेखाटने अशी ओढाताण होऊ लागली. अखेर आईने मनाचा कौल मानण्याचा सल्ला दिला. तेझुकांनी डॉक्टरकीची परीक्षा उत्तीर्ण केली, पण आयुष्य चित्रकथेला वाहिले. १९५२ मध्ये त्यांच्या 'अॅटम' या यंत्रबालकाची मालिका सुरू झाली आणि १९६३ पासून तो दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचला.

१९७३ मध्ये मात्र त्यांनी स्थापन केलेली चलच्चित्र कंपनी दिवाळखोरीत गेली. वाचकांची अभिरुचीही बदलली होती. तेझुकांचा काळ संपला, असे मानले जात असतानाच त्याच वर्षी विनापरवाना शस्त्रक्रिया करणारा त्यांचा 'ब्लॅक जॅक' आला आणि वाचक परतले. सोडून दिलेली वैद्यकविद्याच अशी लेखकाच्या मदतीला धावून आली.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रुग्णशय्येवरही त्यांचे रेखाटन सुरूच होते. मागे राहिल्या त्या काही अपूर्ण कथा.