अँटनी व्हॅन लेवेनहूक : कापडवाल्याचे भिंग



पावसाळा सुरू झाला की बालवर्गापासून दुसरीपर्यंतच्या मुलांचे सुटीचे अर्ज वाढतात आणि कारण बहुधा एकच असते, पोट बिघडले. घरोघरी त्यावर निदानही ठरलेले आहे : जंत झाले. हे कशावरून ठरविले, असे आम्ही विचारले तर पालक एकमेकांकडे पाहतात. शौच तपासून घ्या म्हटले तर संकोचतात. म्हणून या अंकाच्या चरित्रमालेसाठी आम्ही अँटनी व्हॅन लेवेनहूक यांची निवड केली आहे. माणसाच्या आतड्यात राहणारा एकपेशीय जीव जगात प्रथम त्यांनी पाहिला, आणि तोही स्वतःच्या शौचात.

लेवेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणत. अँटनी पाच-सहा वर्षांचे असतानाच ते वारले. विद्यापीठाचे तोंड या मुलाने कधी पाहिले नाही. सोळाव्या वर्षी त्यांना ॲमस्टरडॅमला एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. कापडाचे सूत किती दाट आहे हे व्यापारी भिंगातून पाहून ठरवीत असत. भिंगाशी त्यांची ओळख या धंद्यातच झाली असावी. १६५४ साली डेल्फ्टला परत येऊन त्यांनी स्वतःचे दुकान मांडले आणि बार्बरा हिच्याशी लग्न केले.

त्यांना पाच मुले झाली. त्यांपैकी चार तान्हेपणीच गेली, मारिया ही एकच मुलगी वाचली. १६६६ साली बार्बराही गेली. त्या काळी युरोपात लहान मुले अशीच जात असत आणि लोक त्याला देवाची इच्छा मानीत. ही मुले कशाने गेली ते आम्ही सांगू शकत नाही, पण पुढची हकिकत वाचताना ती चार मुले ध्यानात ठेवावीत.

१६६० पासून लेवेनहूक यांना नगराच्या न्यायसभेत एक नोकरी मिळाली होती. दालन उघडणे, झाडून घेणे, थंडीत शेकोटी पेटविणे, असे ते काम. पुढे जमिनीच्या मोजणीचे आणि मद्याची पिंपे मापण्याचे कामही त्यांच्याकडे आले. उरलेला वेळ ते भिंगे घासण्यात घालवीत. त्यांचा सूक्ष्मदर्शक आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखा नव्हता. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन लहान पट्ट्या, त्यांमध्ये मण्याएवढे एकच भिंग, आणि पहायची वस्तू पुढेमागे सरकविण्यासाठी एक स्क्रू, एवढेच ते यंत्र. मुठीत मावेल असे. ते डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे धरावे लागे. अशी पाचशेहून अधिक भिंगे त्यांनी तयार केली. आज जी थोडी उरली आहेत, त्यांतील सर्वांत चांगले वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखविते.

१६७३ साली डेल्फ्टच्याच एका डॉक्टराने त्यांची शिफारस लंडनच्या रॉयल सोसायटीकडे केली. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, लेवेनहूक सोसायटीला पत्रे लिहीत राहिले. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती. लेवेनहूक यांना फक्त डच येत असे, तीही बाजारातली. तिच्यातच त्यांनी सगळे लिहिले, आणि भाषांतराचे काम लंडनच्या विद्वानांना करावे लागले. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आणि घरी मराठी बोलत आलो. मुलाला विज्ञान समजेल का, अशी काळजी घेऊन जे पालक माध्यमाविषयी विचारायला येतात त्यांना आम्ही ही गोष्ट नेहमी सांगतो.

१६७४ साली तळ्याच्या पाण्याच्या थेंबात त्यांना हलणारे जीव दिसले. १६७६ साली त्याहूनही लहान जीवांविषयी त्यांनी कळविले, तेव्हा लंडनला कोणी विश्वास ठेवीना. लेवेनहूक रागावले नाहीत. त्यांनी गावातले धर्मगुरू, वकील अशी प्रतिष्ठित माणसे घरी बोलावली, त्यांना भिंगातून पहायला लावले आणि त्यांच्या सह्यांची पत्रे लंडनला पाठविली. १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूक यांनी सोसायटीच्या सभेत तेच जीव सर्वांना दाखविले. १६८० साली हा कापडवाला रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. तिच्या सभेला मात्र ते कधीच गेले नाहीत.

आता आमच्या विषयाकडे येतो. १६८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी हूक यांना एक पत्र लिहिले. त्या सुमारास त्यांचे पोट अधूनमधून बिघडत असे, दिवसातून दोन-चार वेळा पातळ शौचाला होई. दुसऱ्या कोणी काढा घेऊन विषय सोडून दिला असता. यांनी शौचाचा कण स्वच्छ पाण्यात कालवून भिंगाखाली धरला. त्यांना रक्तातल्या कणांएवढे जीव दिसले : रुंदीपेक्षा लांबी थोडी जास्त, पोट चपटे, आणि त्याला बारीक पाय. पाय भराभर हलत, पण जीव पुढे फारसा सरकत नसे, जणू एखादा किडा भिंतीवर चढण्याची धडपड करतो आहे. शौच नेहमीसारखे घट्ट असताना पाहिले तेव्हा ते जीव दिसले नाहीत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. तो जीव म्हणजे आज आपण ज्याला जिआर्डिया म्हणतो तोच. त्यांना जे पाय वाटले त्या कशाभिका होत्या. शौच पातळ तर जीव आहेत, घट्ट तर नाहीत, इतके हातात आले असूनही रोगाचे कारण हेच असेल असे मात्र त्यांना सुचले नाही. चार मुले गमावलेल्या या बापाच्या चिमटीत लहान मुलांचा एक शत्रू येऊन गेला होता, आणि त्याला तो ओळखता आला नाही.

शिक्षक म्हणून आम्हांला त्यांची एक गोष्ट खटकते. उत्तम भिंगे कशी करायची आणि कशी वापरायची हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. रशियाचा झार पीटर त्यांच्या भेटीला आला, पण शिष्य त्यांनी एकही केला नाही. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वद वर्षांचे असताना, ते वारले. शेवटच्या आजारातही स्वतःच्या दुखण्याचे वर्णन ते लिहवून घेत होते. मारियाने चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी लंडनला पाठवून दिली. पुढे ती तिथेच गहाळ झाली.

शिष्य नसल्याची किंमत मोठी पडली. तोच जीव पुन्हा नीट वर्णन व्हायला १८५९ साल उजाडले. त्या वर्षी प्राग शहरात विलेम लाम्बल या डॉक्टरांना तो पोट बिघडलेल्या मुलांच्या शौचात सापडला. लेवेनहूक यांनी पाहिलेला हाच होता, ही ओळख तर १९२० साली पटली. तरीही हा निरुपद्रवी आहे असे अनेक डॉक्टर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानीत होते. १९५४ साली स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की अवघे दहा सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेले जीव, पोटात गेले तरी लागण होऊ शकते.

हा जीव लहान आतड्याला चिकटतो आणि अन्नातली स्निग्धता अंगी लागू देत नाही. मुलाचे पोट फुगते, शौच तेलकट व फार दुर्गंधी असते, दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि वजन वाढत नाही. कधी कधी काहीच लक्षण दिसत नाही, पण लागण इतरांना होत राहते. सिस्ट थंड पाण्यात अनेक आठवडे टिकतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतीलच असे नाही, पाणी चांगले उकळले की मात्र मरतात.

आता जंताच्या गोळीविषयी. २०१५ पासून राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. गोल जंत आणि अंकुशकृमी यांवर ती चांगली आहे, मुलांना ती अवश्य घेऊ द्यावी. पण जिआर्डिया हा कृमी नव्हे, आणि त्याच्यावर ती एक गोळी पुरत नाही. त्याच्यासाठी १९६० च्या दशकापासून मेट्रोनिडाझोल वापरतात, ते काही दिवस रोज घ्यावे लागते. चवीला कडू असल्याने मुले ते थुंकतात आणि दोन दिवसांनी बरे वाटले की आयाही बंद करतात. तसे करू नये. टिनिडाझोल आणि निटाझोक्सनाइड हीही औषधे आहेत. कोणते आणि किती हे मुलाचे वजन पाहून डॉक्टरच ठरवतील. गेल्या वर्षीची उरलेली बाटली धाकट्या भावाला पाजू नये.

आणि हे ठरते शौच तपासल्यावर. तपासनीस ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच पाहतो. जीव रोज बाहेर पडतातच असे नाही, म्हणून एक नमुना चांगला आला तरी डॉक्टर आणखी दोन मागू शकतात, तेही वेगवेगळ्या दिवसांचे. नमुना स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत घ्यावा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये आणि ताजा असतानाच पोहोचवावा. डबी प्रयोगशाळेतून मिळते. तिच्यावर मुलाचे नाव व तारीख घरूनच लिहून न्यावी.