जोशुआ स्लोकम

जोशुआ स्लोकम (जन्म : २० फेब्रुवारी १८४४, नोव्हा स्कॉशिया, १९०९ मध्ये समुद्रात बेपत्ता) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन दर्यावर्दी होते. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले नाविक मानले जातात.

पोरवयातच घर सोडून ते समुद्रावर गेले आणि पुढे मालवाहू जहाजांचे कप्तान झाले. १८८७ मध्ये त्यांचे 'ॲक्विडनेक' हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. तेव्हा तेथेच नवी होडी बांधून त्यांनी कुटुंबासह अमेरिका गाठली. मात्र आगबोटींनी शिडांची सद्दी संपवली होती; अशा कसबी कप्तानालाही काम मिळेना.

'स्प्रे'ची पुनर्बांधणी

१८९२ साली एबेन पियर्स या परिचित कप्तानाने त्यांना एक जहाज देऊ केले. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन गावी जाऊन पाहतात तो, पाण्यापासून दूर एका शेतात टेकू देऊन, कापडाखाली झाकून ठेवलेली 'स्प्रे' ही जुनीपुराणी होडी! ती मोडीत काढायची असेल, असे गावकऱ्यांना वाटले. स्लोकम यांनी मात्र जवळचेच ओकचे झाड तोडून तिचा नवा कणा घडवला, वाफेने मऊ केलेले लाकूड वाकवून बरगड्या बसवल्या, त्यांवर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या ठोकल्या आणि सांधे कापूस व दोरांच्या तंतूंनी बुजवले. होडीची लांबी ३६ फूट ९ इंच होती. या कामाला तेरा महिने व ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. स्वतःच्या श्रमाचे मोल त्यात धरलेले नाही. जुने लाकूड जवळपास सगळेच गेले, तरी ही जुनीच 'स्प्रे' होय, असे ते मानत. दुरुस्त होत होत सारे जहाज बदलले तरी ते तेच राहते, हा नाविकांचा संकेत त्यांना पुरेसा होता.

पृथ्वीप्रदक्षिणा

२४ एप्रिल १८९५ रोजी त्यांनी बॉस्टन सोडले. डागडुजी वाटेतही चालूच होती. दक्षिण अमेरिकेत त्यांनी डोलकाठी आखूड केली आणि मागे दुसरी लहान डोलकाठी उभारली. टास्मानियात होडी किनाऱ्यावर ओढून लाकूड पोखरणाऱ्या किड्यांसाठी तपासली. कीड आढळली नाही, तरी तळाला तांबेयुक्त रंगाचा हात दिला. होडीचा तोल इतका साधला होता की थर्सडे बेट ते कीलिंग बेटे हा २७०० मैलांचा प्रवास तेवीस दिवसांत झाला आणि त्यात सुकाणू धरावे लागले ते जेमतेम तीन तास. सुमारे ४६,००० मैल कापून २७ जून १८९८ रोजी ते न्यूपोर्टला परतले. १९०० साली त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले.

अखेर

उत्तरायुष्यात होडीची निगा पूर्वीसारखी राहिली नाही. १९०९ च्या नोव्हेंबरात ते तीच 'स्प्रे' घेऊन दक्षिण अमेरिकेकडे निघाले. आगबोटीची धडक बसली असावी, असा एक तर्क आहे. पण होडीची एक फळीही सापडली नाही. १९२४ मध्ये त्यांना कायद्याने मृत घोषित करण्यात आले.