योसेफाचा अंगरखा

गेल्या दिवाळीत दोघी मुलींना फ्रॉक शिवले. धाकटीच्या फ्रॉकला थोडी जास्त जर लागली. थोरली काही बोलली नाही. पण चारही दिवस तिनं नवा फ्रॉक अंगाला लावला नाही. मला योसेफाची गोष्ट आठवली.

ज्यू लोकांच्या तोरा या धर्मग्रंथात, उत्पत्तीच्या पुस्तकात ती आहे. याकोबाला बारा मुलगे. त्यांत योसेफ लाडक्या राहेलचा. बापानं त्याला एकट्यालाच खास अंगरखा करून दिला. सतरा वर्षांचं पोर. भावांच्या चहाड्या करी, आपण मोठे झाल्याची स्वप्नं त्यांनाच ऐकवी. शेवटी भावांनी अंगरखा काढून घेऊन त्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि वीस रुप्याच्या तुकड्यांना विकलं. बापाला दाखवला तो बोकडाच्या रक्तात बुडवलेला अंगरखा. तालमूदमधल्या धर्मपंडितांनी इथं दोष भावांवरच ठेवला नाही. मुलामुलांत भेद करू नये, असं त्यांनी बापांना बजावलं. थोड्याशा उंची कापडापायी सगळं कूळ मिसरात जाऊन पडलं!

मिसरात योसेफ गुलाम झाला, खोट्या आळापायी तुरुंगात गेला आणि तिसाव्या वर्षी फारोच्या स्वप्नांचा अर्थ सांगून राज्याचा कारभारी झाला. दुष्काळात भाऊ धान्यासाठी त्याच्याच दारी आले. त्यानं त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही.

त्यानं लगेच मिठी मारली नाही. सख्खा धाकटा भाऊ बन्यामीन याच्या गोणीत चांदीचा पेला लपवून त्याला चोर ठरवलं. बन्यामीन हा बापाचा नवा लाडका. त्याला टाकून घरी जायला भाऊ मोकळे होते. पण ज्या यहूदानं योसेफाला विकायची युक्ती काढली होती, तोच पुढं झाला आणि बन्यामीनऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसच्या मते तीच संधी पुन्हा येऊनही माणूस तीच चूक करत नाही, तेव्हा पश्चात्ताप पुरा होतो. यहूदाचा तो झाला. मग मात्र योसेफ मोठ्यानं रडला.

तरी मनं पुरती निवळली नाहीत. सतरा वर्षांनी बाप गेला, तेव्हा भाऊ पुन्हा धास्तावले. योसेफानं त्यांना धीर दिला, त्यांची मुलंबाळं पोसायचा शब्द दिला. पण क्षमा केली असं ग्रंथ स्पष्ट म्हणत नाही. योसेफ 110 वर्षांचा होऊन वारला.

आजही शुक्रवारी रात्री ज्यू घरांत मुलग्यांना आशीर्वाद देतात, तो योसेफाच्या मुलांसारखे, एफ्राईम आणि मनश्शेसारखे व्हा असा. आजोबा याकोबानं तिथंही धाकट्याला पुढं केलं होतं. पण त्या दोघांत भांडण झाल्याचं ग्रंथात कुठं नाही.

यंदा दोन्ही फ्रॉक एकाच ताग्यातले घेणार आहे. थोरलीला दुकानात सोबत नेईन. मागच्या वर्षीचं मात्र अजून तिच्याशी बोलायचं राहिलंय.