डॉ. आनंदीबाई जोशी : श्रद्धेची किंमत न मोजता मिळवलेली विद्या

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बाळंतिणीला खाटेवर घालून दवाखान्यापर्यंत नेण्याचे प्रसंग अनेक पालकांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत. डॉक्टर वेळेवर न मिळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हेच दुःख एका चौदा वर्षांच्या मातेच्या वाट्याला आले आणि त्या दुःखाने तिला सातासमुद्रापार नेले. ती माता म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी या पोस्ट खात्यातील कर्मचाऱ्याशी झाले. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. त्या ध्यासात जबरदस्तीही होती, हे इतिहासाने लपवू नये. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हा विचार आनंदीबाईंच्या मनात पक्का झाला.

त्या काळी स्त्रियांच्या शिक्षणाची अनेक दारे मिशनऱ्यांच्या हाती होती. गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याकडे पत्राने साहाय्य मागितले. साहाय्याची तयारी होती. पण अट ख्रिस्ती होण्याची होती. जोशी दांपत्याने ती नाकारली. तो पत्रव्यवहार मात्र वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

परदेशगमनाने धर्म बुडतो, असे मानणाऱ्या स्वकीयांचा विरोध वेगळाच होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे, मिशनऱ्यांनीच स्थापिलेल्या महाविद्यालयाच्या सभागृहात, अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलीने जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी ठामपणे मांडले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० मध्ये स्थापन झाले होते. अनेक मिशनरी स्त्री डॉक्टर तेथेच घडल्या. १८७० मध्ये बरेलीला आलेल्या क्लारा स्वेन याच महाविद्यालयाच्या. अशा वातावरणात, कडाक्याची थंडी आणि खंगणारी प्रकृती सोसत आनंदीबाईंनी अभ्यास पूर्ण केला. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. परंतु क्षयाने त्यांना अवधी दिला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या रुग्णांसाठी त्या शिकल्या, त्यांच्यापर्यंत त्यांचे हात पोहोचलेच नाहीत.

त्यांचे अपुरे राहिलेले काम त्याच महाविद्यालयातून पुढे आलेल्या स्त्रियांनी आपापल्या लोकांत केले. १८९२ मध्ये पदवी घेतलेल्या डॉ. गुरुबाई करमरकर यांनी ख्रिस्ती धर्माच्या प्रेरणेने मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे उपेक्षितांची सेवा केली. अमेरिकेतील ओमाहा या आदिवासी जमातीत जन्मलेल्या डॉ. सुझान ला फ्लेश १८८९ मध्ये पदवी घेऊन आपल्याच माणसांत परतल्या आणि आयुष्यभर त्यांच्यासाठी झिजल्या. गोंड-माडियांच्या आपल्या प्रदेशाने हे नाव विशेष लक्षात ठेवावे.

आपण धर्मांतराकडे भिन्न अनुभवातून पाहतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात बाबासाहेबांनी आपल्या वाडवडिलांना धम्मदीक्षा दिली. ती विचारपूर्वक केलेली मुक्तीची निवड होती, कोणत्याही लाभाची परतफेड नव्हती. १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर त्याच न्यूयॉर्कला गेले. त्या शिष्यवृत्तीस संस्थानाच्या सेवेची अट होती, श्रद्धेची नव्हती. आनंदीबाईंचा धर्म आपला नव्हे, आणि त्यांच्या जातीला उपलब्ध असलेली दारे आपल्या आज्यांना बंद होती. तरीही विद्येच्या मोबदल्यात विवेक गहाण टाकायचा नाही, हा त्यांचा बाणा आपल्याला परका नाही.

या वसतिगृहातील एखादी मुलगी उद्या डॉक्टर होण्यासाठी दूरदेशी जाईल. तिला साहाय्य करताना आपण तिच्या श्रद्धेवर अट घालू नये. अपेक्षा एकच ठेवावी : तिने आपल्या खेड्यातल्या त्या खाटेपर्यंत परत यावे.