धर्म जगणाऱ्या पंडिता रमाबाई

धर्मांतर म्हटले की या देशात पहिला प्रश्न आमिषाचा विचारला जातो. १९५६ च्या धम्मक्रांतीनंतर तो आपल्याला विचारला गेला. त्याआधी सत्तरहून अधिक वर्षे पुण्यातल्या सनातन्यांनी तोच प्रश्न पंडिता रमाबाईंना विचारला होता. तेव्हा त्यांच्या बाजूने महात्मा जोतीराव फुले उभे राहिले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी या विदुषीच्या निर्णयाचे समर्थन केले. शास्त्रे स्वतः वाचलेल्या बाईने ती टाकली, हे भटशाहीला झोंबले होते.

रमाबाई १८५८ साली चित्पावन घरात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायको-मुलींना संस्कृत शिकवले आणि त्याची किंमत मोजली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरले. दान केले, उपास केले, देव पावला नाही. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढे त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या शूद्र गणल्या गेलेल्या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांत वैधव्य आले, पदरी मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना फुलहॅम येथील आपला आश्रम दाखवला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने उभे केले जात होते. अशा बायकांना आपली शास्त्रे काय शिक्षा सांगतात, हे रमाबाईंना पाठ होते. येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना तिथेच कळली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

खरी गंमत पुढे आहे. पाद्र्यांना वाटले, हिंदुस्थानातली मोठी पंडिता हाती लागली. पण बाई कुणाच्या हाती लागणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत त्यांनी पटल्याशिवाय मानला नाही. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालायला नकार दिला. संस्कृतच्या जागी दुसरी न कळणारी भाषा कशाला? शाकाहारही सोडला नाही. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी पत्रांतून खडसावले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायला त्या आल्या नव्हत्या.

आणि स्वतःलाही त्यांनी सोडले नाही. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. देशोदेशी ख्रिस्ती विदुषी म्हणून नाव झालेल्या बाईने हे छापून सांगावे, याला धाडस लागते.

१८८९ साली मुंबईत निघालेल्या शारदासदनात धर्म शिकवायचा नाही, असा करार होता. त्यावरून मिशनरी नाराज झाले. सदन पुण्याला आल्यावर रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसत. त्यावरून 'केसरी' तुटून पडला, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावून घेतले असते तर सगळे निभावले असते. त्यांनी लावले नाही.

एक गोष्ट मात्र आपण स्पष्ट बोलली पाहिजे. हे सदन आधी उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे जातीचे नियम पाळायला मुभा होती. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहिताना चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातीवर नेमके बोट ठेवले आहे. त्या कसोटीवर सुरुवातीचे शारदासदन उतरत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाने ही चौकट मोडली. मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली-बायका गोळा केल्या, तेव्हा जात विचारायला सवड नव्हती. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. त्या शेती करत, माग चालवत, तेलाचा घाणा आणि छापखानाही चालवत. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले जाई. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांचे हाल होतात, असे त्यांनी उघड लिहिले. सरकार ख्रिस्ती होते म्हणून जीभ आवरली नाही.

शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. प्रचलित मराठी बायबल संस्कृतात बुडालेले होते, केडगावच्या कुणबिणीला ते कळेना. म्हणून या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साधे मराठी लिहायला घेतले. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली.