मॅट्रिक मास्तर, ज्याने तारे मराठीत आणले

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्याकडे पदवी नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडला १८५३ साली जन्मलेला हा माणूस मॅट्रिक झाला आणि शाळामास्तर बनला. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या झाल्या. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते होऊ घातलेल्या मास्तरांनाच शिकवू लागले.

१८९२ साली त्यांचं ‘ज्योतिर्विलास’ आलं. त्याचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे २४ मिनिटं. म्हणजे रोज पाऊण तास वर बघा, बस्स! खगोलशास्त्राच्या पुस्तकाला इतकं साधं नाव आजही कुणी देत नाही.

स्वतः दीक्षित मात्र आकडेमोडीत बुडालेले. गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला, यावर विद्वानांचा वाद होता. शिलालेखांतल्या तिथी-वारांची गणितं त्यांनी जे. एफ. फ्लीट यांना करून दिली आणि इ. स. ३१९-२० या काळाला भक्कम आधार मिळाला.

१८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ छापून आलं. नावावर जाऊ नका, त्यात भविष्य नाही, भारतीय खगोलशास्त्राचा इतिहास आहे. दोनच वर्षांनी, अवघ्या ४४व्या वर्षी, दीक्षित गेले. त्या मराठी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने छापलं.