डोंगरफुलांचा चितारी : उस्ताद मन्सूर



इतिहासाच्या पुस्तकात जहांगीर बादशहाचे नाव असते, पण त्याच्या पदरी असलेल्या चित्रकारांची नावे क्वचितच येतात. त्यांपैकी एकाने चारशे वर्षांपूर्वी काश्मीरच्या डोंगरांतील रानफुले कागदावर उतरवली. त्याचे नाव उस्ताद मन्सूर. त्याच्या कामाचा एक धागा आपल्या सुरतेपर्यंत येतो, म्हणून या अंकात त्याची ओळख करून देत आहे.

मन्सूर केव्हा जन्मला आणि केव्हा वारला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. त्या काळी राजपुत्रांच्या जन्मवेळा टिपून ठेवत. कारागिरांच्या कोण ठेवणार? त्याची उमेदवारी अकबराच्या चित्रशाळेत झाली. १५९० च्या सुमारास तयार झालेल्या बाबरनाम्याच्या सचित्र प्रतीत त्याचे नाव आढळते. तेव्हा एकेक चित्र अनेक हातांनी पुरे होई. एक जण आखणी करी, दुसरा रंग भरी. सुरुवातीला मन्सूरकडे रंग भरण्याचे काम असे. तो आपल्या नावापुढे ‘नक्काश’ लिही, म्हणजे वेलबुट्टीची नक्षी काढणारा.

१६०५ मध्ये जहांगीर गादीवर आला आणि मन्सूरचे दिवस पालटले. या बादशहाला पशुपक्षी आणि फुलझाडे यांचे विलक्षण वेड होते. एखादा नवा प्राणी दिसला की तो त्याचे वर्णन रोजनिशीत लिही आणि चित्रही काढून घेई. सुरत व खंभात बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रब खानाने १६१२ मध्ये गोव्याहून टर्की पक्षी दरबारात नेला. असा पक्षी तिथे कोणी पाहिलेला नव्हता. त्याचे चित्र मन्सूरने काढले. त्याच वर्षी आपल्या हजिऱ्याजवळच्या सुवालीच्या समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांसमोर येतो.

१६१८ पर्यंत मन्सूरला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या युगातील अद्वितीय, हा किताब मिळालेला होता. १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला, तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे कोणी रंगवले आहेत की काय, अशी शंका लोकांना आली. मन्सूरने त्या झेब्र्याचेही चित्र काढले. ते आणि टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

परंतु मन्सूरच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम काश्मीरचे. १६२० च्या वसंतात जहांगीर काश्मीरला गेला. बर्फ वितळून डोंगरउतार फुलांनी भरले होते. घरांच्या मातीच्या धाब्यांवरसुद्धा ट्यूलिप उगवत. मन्सूरने तिथे शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, अशी नोंद खुद्द बादशहाने केली आहे. साधने कोणती? खारीच्या केसांचा कुंचला, दगड व वनस्पती यांपासून केलेले रंग, आणि थरावर थर चिकटवून घोटलेला कागद. रानफूल दोन दिवसांत कोमेजते. म्हणून नजर पक्की आणि हात स्थिर हवा.

अशी चित्रे सुंदर किनार लावून ‘मुरक्का’ नावाच्या संग्रहात बांधून ठेवत. ती बादशहाची मौल्यवान दौलत होती. पुढे १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली आणि शाही संग्रह विखुरला. त्या शंभरांपैकी आज निःशंकपणे मन्सूरचे म्हणावे असे एकच प्रसिद्ध फूल उरले आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयातील तो लाल ट्यूलिप.

मग बाकीची मेहनत वाया गेली का? तसे नाही. एकच रोप देठापानांसह, जसे जमिनीवर उभे असते तसे दाखवायचे, हे वळण त्या काळात मोगल कलेत रुजले. युरोपातून आलेल्या वनस्पतिचित्रांचाही त्याला हातभार लागला. शहाजहानच्या काळात ते ताजमहालच्या संगमरवरावर कोरले गेले. गालिच्यांवर आणि शालींवर ती फुले उमलली. आपल्या महाराष्ट्रातही, औरंगाबादच्या म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात फुलांची ही नक्षी पाहायला मिळते.

आता सुरतेचा धागा. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६२८ नंतर काही वर्षे हिंदुस्थानात होता. मॉरिशस बेटावरचे दोन डोडो पक्षी सुरतेत पाहिल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. मन्सूरचे मानले जाणारे डोडोचे एक रंगीत चित्र सेंट पीटर्सबर्गला आहे. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेल्या डोडोच्या मोजक्या चित्रांत त्याची गणना होते. त्याच शतकात डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. मन्सूरने काढलेले सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. पाश्चात्य शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते १७७३ मध्ये, म्हणजे मन्सूरनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. २००२ नंतर हा पाहुणा भरतपूरला आलेला नाही.

मित्रांनो, मन्सूर ना सेनापती होता, ना जमीनदार. समोरची वस्तू आहे तशी पाहणे, एवढेच त्याचे बळ होते. आपल्या हजिऱ्यात कारखाने आणि धक्के वाढले आहेत. त्यांवर अनेक घरांची चूल पेटते, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाडीकाठची तिवरे आणि पावसाळ्यात बांधावर उगवणारी फुले आपल्यापैकी किती जणांना नावाने ओळखता येतात?

या पावसाळ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने घराजवळचे एक रानफूल न तोडता, शेजारी बसून नीट पाहावे आणि त्याचे चित्र काढावे. आजी-आजोबांना त्याचे नाव विचारावे. मराठी नाव मिळाले नाही तर गावकऱ्यांकडून गुजराती घ्यावे. चित्राखाली फुलाचे नाव, जागा, तारीख आणि स्वतःचे नाव लिहून ते कलाशिक्षकांकडे द्यावे. आपण त्यांचा एक मुरक्का बांधू आणि तो शाळेच्या ग्रंथालयात ठेवू.

– मुख्याध्यापक